चावडीवरच्या दगडाला नावं द्या

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसभेला बसणारे गावकरी,
कोल्हापूर जिल्ह्यात ज्या ज्या गावच्या चावडीवर १९१४च्या लढाईचा दगड आहे, त्या सगळ्या ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

खरं तर मी माझ्या एकट्या गावच्या ग्रामपंचायतीला अर्ज लिहायला बसलो होतो. अर्ज अर्ध्या पानात संपला आणि सांगायचं ते सगळं राहूनच गेलं. तलाठी म्हणून चौतीस वर्षं लोकांचे अर्ज वाचले आहेत, त्यामुळे अर्जात काय काय मावत नाही ते मला चांगलं ठाऊक आहे. शिवाय हा दगड काही आमच्याच गावात नाही. नोकरीत सज्जा, म्हणजे तलाठ्याकडं दिलेली गावं, बदलेल तशा चावड्या बदलल्या, आणि बऱ्याच चावड्यांच्या भिंतीत मी तो पाहिला. म्हणून अर्ज वेगळा दिला आणि हे पत्र उघड लिहितो आहे.

आधी दगडाबद्दल. पांढरा संगमरवर, हातभर लांब. आमच्या चावडीच्या दाराला लागून डाव्या अंगाला बसवलेला होता. लहानपणी आम्ही त्याला गोऱ्याचा दगड म्हणायचो, कारण त्यावरची अक्षरं इंग्रजी होती आणि आम्हाला ती वाचता यायची नाहीत. सातवीत गेल्यावर गुरुजींनी अर्थ सांगितला. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात ३१ माणसं गेली, त्यांपैकी ४ जणांनी प्राण दिले. एवढंच. कोण एकतीस, कोण चार, काही नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चावडीत छातीपर्यंत चढलं होतं. भिंती फुगल्या. पुढं नवं कार्यालय बांधायचं ठरलं तेव्हा चावडी पाडली. दगड फोडला नाही, काळजीनं काढून शाळेच्या कंपाउंडला टेकवून ठेवला, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण तो अजून तिथंच आहे. मागच्या पावसाळ्यात मी बघायला गेलो तेव्हा खालची ओळ शेवाळानं भरली होती. नखानं खरवडली तेव्हा ४चा आकडा दिसला.

त्या चारांतला एक माझ्या आजोबांचा थोरला भाऊ.

त्याचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. अर्जात बापाच्या नावासकट, आडनावासकट लिहिलं आहे. ते आधी दगडावर यावं, मग बाकी कुठंही.

आजोबा त्याला दादा म्हणायचे. दादा भरती झाला तेव्हा अठराचा होता, आजोबा नऊ वर्षांचे. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचताना गर्दीत चेंगरू नये म्हणून दादानं त्यांना खांद्यावर घेतलं होतं आणि वरून गुलालाशिवाय काही दिसत नव्हतं, ही आजोबांची भावाची सगळ्यात पक्की आठवण. दुसरी आठवण कोल्हापूर स्टेशनची. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे येऊन तेव्हा पंचवीसएक वर्षं झाली होती, तरी आजोबांनी आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती त्या दिवशी.

आठ दिवसांच्या रजेवर तो आला होता तेव्हा पायात सरकारी बूट होते. जाताना आपली पायताणं घरातच ठेवली आणि आईला म्हणाला, "तेल लावून ठेव. आल्यावर घालतो." कोल्हापुरी पायताण तेलाशिवाय पडून राहिलं की वाळतं, पट्ट्याला भेगा जातात, हे आपल्याकडं पोराटोरालाही माहीत. पणजीनं ती पायताणं दर दसऱ्याला उतरवून पुसली, तेल मुरवलं, उन्हाला धरली आणि परत खुंटीला लावली. असं अठरा वर्षं.

त्याची पलटण ११७वी मराठा. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. मुंबईहून बोटीनं आजच्या इराकातलं बसरा, तिथून टायग्रिस नदीच्या काठाकाठानं वर बगदादकडं. २२ नोव्हेंबर १९१५ला बगदादच्या अलीकडं सलमान पाक इथं मोठी लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत तिला टेसिफॉन म्हणतात. चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली आणि फौज मागं फिरून कुत अल-अमारा नावाच्या गावात येऊन अडकली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पक्का झाला. सोडवायला आलेल्या फौजांना तो मोडता आला नाही. दाणा संपत गेला. घोड्याखेचरांचं मांस वाटलं, तर आपल्या शिपायांनी पुष्कळ दिवस ते तोंडात घेतलं नाही, आणि हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं मागवावी लागली. शेवटी शेवटी विमानातून पिठाची पोती टाकत होते. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला आमचा पोरगा मूठभर जवाच्या पिठावर किती दिवस तगला असेल, हा हिशोब मला आजवर करवलेला नाही.

२९ एप्रिल १९१६ला कुत पडलं. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. गोऱ्या अधिकाऱ्यांना बोटीनं नेलं आणि शिपायांना उन्हातून चालवत नेलं, बगदाद, समारा, मोसल, पुढं रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर. वाटेत आणि त्या कामावर हजारोंनी मेले.

शेजारच्या गावचा एक गडी त्या कैदेतून वाचून आला. तो पणजीकडं आला, पाया पडला आणि म्हणाला, "मोसलच्या वाटंवर त्यो मागं राहिला." पणजोबांना त्यानं नंतर बाहेर गोठ्यात नेऊन बाकीचं सांगितलं. दादाचे बूट कधीच गेले होते, तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या, हिरड्यांतून रक्त यायचं. एका दुपारी तो रस्त्याच्या कडेला बसला. पाठीमागच्या पहाऱ्यावरच्या शिपायानं पुढच्यांना थांबू दिलं नाही. वळून बघितलं तेव्हा तो बसलेलाच होता. कुणी त्याला मरताना पाहिलं नाही, पुरताना पाहिलं नाही, जाळताना तर नाहीच.

पणजीनं मात्र ऐकलं ते एवढंच की तो मागं राहिला. आणि मागं राहिलेलं माणूस येतं.

पणजोबा लढाई संपायच्या आधीच, १९१८च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत गेले होते, असं मी लहानपणी समजत होतो. पण त्या गड्याचं गोठ्यातलं बोलणं त्यांनीच ऐकलं, म्हणजे तो साथीच्या आधी आलेला असणार, किंवा आजोबांच्या सांगण्यात काळ मागंपुढं झाला असणार. साठ वर्षांनंतर सांगताना असं होतं. पणजोबा साथीत गेले हे मात्र नक्की, कारण त्याचा कागद आहे. जमिनीला वारस लावायची वेळ आली तेव्हा पणजीनं हट्टानं दोन्ही मुलांची नावं चढवली, थोरल्याचं वर. कुणी समजावलं तर म्हणायची, "आल्यावर त्याला काय सांगू?"

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. उताऱ्यावरचं नाव कमी करायचं झालं तर ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नाव वाचता येतं, पण त्याचा हक्क संपलेला असतो. मी नोकरीत हजारो नावांना कंस केला असेल. १९८५ साली आजोबा गेले आणि वारस नोंदीसाठी मी आमच्याच जमिनीचे जुने फेरफार काढले. १९३४ची एक नोंद मोडी लिपीत होती. "थोरला मुलगा लढाईवर गेला तो परत आला नाही. आई मयत. सबब नाव कमी." आणि उताऱ्यावर त्याच्या नावाला कंस. पणजी गेल्यावर पंधरा दिवसांत झालेली नोंद. ती जिवंत असेतोवर कुणाची छाती झाली नाही.

त्याच महिन्यात आजोबांनी पंचगंगेच्या घाटावर त्याचं करून घेतलं. देह नसला की दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात. पायताणं नदीत सोडली. आणि गुजरीतल्या सोनाराकडून चांदीचा टाक घडवून घेतला, घोड्यावर बसलेला वीर. तो टाक आमच्या देवघरात आहे. दादा पायदळातला, तो आयुष्यात घोड्यावर बसला नव्हता. पण सोनाराकडं वीराचा ठसा तेवढाच होता आणि दसऱ्याला त्याच घोडेस्वाराला आम्ही नमस्कार करतो.

सरकारी दप्तरात त्याचं काय झालं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. ब्रिटिशांनी १९१७ साली युद्धात मेलेल्यांच्या कबरींसाठी एक आयोग नेमला. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणतात. त्यांचं तत्त्वच असं की मेलेल्या प्रत्येकाचं नाव एकतर कबरीवर नाहीतर स्मारकावर कोरायचं, हुद्दा, वंश, धर्म न बघता. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी त्यांनी बसऱ्याला स्मारक बांधलं, १९२९ साली ते खुलं झालं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. आपल्या सुभेदार-जमादारांची आहेत. त्यांच्याखाली, पलटणीतल्या बाकीच्या हिंदी शिपायांच्या जागी, फक्त आकडा आहे. आणखी इतके हिंदी शिपाई, असा.

हे वाचलं त्या रात्री मला आमच्या चावडीची भिंत आठवत राहिली. तिथं समुद्रापलीकडं आकडा, इथं उंबऱ्याशी आकडा.

२०२१च्या एप्रिलमध्ये आयोगानं या भेदभावाचा अहवाल काढला आणि माफी मागितली. ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण इतरांच्या बरोबरीनं राखली गेली नाही आणि किमान १ लाख १६ हजारांची नावानं किंवा अजिबातच राखली गेली नाही, असं त्यात कबूल केलं आहे. यांत हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन सगळे आले. ते बसऱ्याचं स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ साली इराकच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानं ते तिथून हलवून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेलं. तिथं जाऊन आपण काही दुरुस्त करू शकत नाही. इथं करू शकतो.

कारण नावं आहेत. दगडावर कोरली नाहीत तरी आयोगाच्या नोंदवहीत ती लिहून ठेवली होती आणि आज ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पुष्कळ शिपायांच्या नावापुढं बापाचं नाव, गाव, तालुकाही आहे. शोधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की लिहून घेणारा कारकून मराठी नव्हता. गावाचं नाव चार-पाच तऱ्हांनी लिहून बघा. "व"च्या जागी "ब" घालून बघा, शेवटची "वाडी" गाळून बघा. संस्थानी काळात हातकणंगल्याचा भाग आळते पेठेत होता, तसं जुन्या नावानंही बघा. मला दादा सापडायला सात महिने लागले. बापाचं नाव जुळलं, पलटण जुळली, गावाच्या नावात मधलं एक अक्षर खाल्लेलं होतं. नातीनं मोबाइल माझ्या पुढ्यात धरला आणि विचारलं, "आजोबा, हेच का?" मी चष्मा पुसायला उठलो.

मागच्या ग्रामसभेत हा विषय मी तोंडी काढला तेव्हा एका तरुणानं विचारलं की इंग्रजांच्या नोकरीत मेलेल्याचं नाव आपण का लावायचं. प्रश्न रास्त आहे, आणि त्यानं तो नीट, आदरानं विचारला. माझं उत्तर तेव्हा धड सुचलं नाही, आता देतो. राज्य कुणाचं हे अठरा वर्षांच्या पोरानं ठरवलेलं नव्हतं. शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. त्यातून तो घरी पाठवायचा आणि त्या पैशांत पणजोबांनी विहिरीकडचा गहाण पडलेला तुकडा सोडवला. आज त्या तुकड्यात माझ्या चुलतभावाचा ऊस उभा आहे. दगड इंग्रजांनी लावला असेल, त्यावरचे एकतीस गडी आपल्याच गल्लीतले आहेत. ज्यांच्यासाठी ते लढले त्यांनी त्यांना मोजलं आणि सोडून दिलं. आपणही तसंच करायचं का, एवढाच माझा त्या तरुणाला प्रश्न आहे.

आणि मेलेल्याला दगड उभा करणं ही काही आपण गोऱ्यांकडून शिकलेली रीत नव्हे. करवीर तालुक्यातल्या बीडला जाऊन बघा, वीरगळांची रांगच्या रांग आहे. खाली लढाईत पडलेला वीर, वर अप्सरा त्याला नेताहेत, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्रसूर्य. त्यांवरही बहुधा नाव नसतं. पण तिथं निदान माणूस कोरलेला आहे, त्याच्या हातात तलवार आहे, बायाबापड्या त्याला हळदकुंकू वाहतात. आकड्याला कोण वाहणार?

२०२२च्या ऑगस्टमध्ये सियाचीनच्या बर्फात १९ कुमाऊँ पलटणीच्या एका जवानाचा देह सापडला. १९८४च्या मे महिन्यात हिमस्खलनात तो गेला होता. अडतीस वर्षांनी गळ्यातल्या ओळखपट्टीवरच्या नंबरावरून तो कोण ते कळलं आणि म्हाताऱ्या झालेल्या बायकोच्या दारात तो पोचला. बातमी वाचून माझ्या मनात जे आलं ते इथं लिहायला मला संकोच वाटत नाही. मोसलच्या वाटेवर बर्फ नाही. आमचा दादा येणार नाही.

आता चौथ्याबद्दल, कारण या पत्राचं खरं निकडीचं काम तेच आहे. आमच्या दगडावरच्या चारांपैकी तिघे मला सापडले. दादा, माळावरच्या भावकीतला एक, आणि एक जण ज्याचं घराणं आता गावात नाही, इचलकरंजीला आहे. त्यांच्या नातवानं मला घरात बसवून कागद दाखवले. चौथा सापडत नाही. त्या लढाईत आपल्याकडचे लोक फक्त मराठा पलटणींत नव्हते. १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली होती. खेचरं हाकणारे, पाणक्ये, हमाल, भिस्ती, रुग्ण उचलणारे असे हजारो गेले, आणि त्यांच्या नोंदी शिपायांच्या नोंदींपेक्षाही तुटपुंज्या आहेत. चौथा त्यांच्यातला असेल असं मला वाटतं. म्हणून गावातल्या प्रत्येक वाड्यावस्तीला, प्रत्येक घराला माझी हात जोडून विनंती आहे. माळ्यावरची ट्रंक उघडा. आजीला, पणजीला कुणी सांगितलं असेल तर आठवा. पितळेची किंवा कांशाची वाटावी अशी एक गोल चकती घरात आहे का बघा, सिंह आणि त्रिशूळ घेतलेली बाई असलेली. मेलेल्याच्या घरी ती सरकारनं पाठवली होती आणि तिच्यावर मेलेल्याचं नाव उठावात असतं. कुणी ती पूजेला ठेवली, कुणी मोडीत घातली. एखाद्या घरात आजही ती डब्याचं झाकण म्हणून असेल.

गावानं करायचं ते थोडकं आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. जुना दगड धुऊन नव्या कार्यालयाच्या दाराशी, डाव्या अंगालाच, बसवा. त्याच्याखाली काळ्या पाषाणाची एक पाटी, मराठीत. इतर गावांनी आपापला दगड शोधावा. माती-चुन्याखाली गेला असेल, पायरीला लागला असेल, चावडी पाडताना भरावात गेला असेल. कुणाला नावं शोधायला मदत हवी असेल तर मी येईन. एसटीचा पास आहे, वेळ आहे.

आमच्या गावच्या पाटीचा खर्च आमचं घर करेल, ग्रामपंचायतीवर कसला बोजा चढणार नाही. पाथरवटाशी बोलणं झालं आहे. तो अक्षरावर पैसे घेतो, म्हणून त्यानं नावं लिहून मागितली आणि पेन्सिलीनं एकेक अक्षर मोजलं. दादाचं नाव, बापाचं नाव, आडनाव मिळून बारा अक्षरं झाली. मग त्यानं विचारलं, ओळी किती आखू. मी चार सांगितल्या. तो म्हणाला, नावं तर तीनच आहेत. मी म्हटलं, चौथी आखून मोकळी ठेव.

आपला,
एक निवृत्त तलाठी
कोल्हापूर